नऊ तासांचा देश

शेवटची फेरी रायबंदरला निघून गेली,
बोस्त्यांवने विझलेली विडी कानावर ठेवली
आणि माझ्या मुलीची वही मांडीवर ओढली.
चौकट तिने आखूनच आणली होती.
देश: पनामा. राजधानी: तीच. क्षेत्रफळ, लोकसंख्या,
आणि खाली अर्धं पान कोरं,
‘दळणवळण व पायाभूत सुविधा’.

“अकरा वेळा गेलोय गो त्या देशातून,” तो म्हणाला,
“पाय एकदाही टेकला नाही.”

बोटीवर पंपमन होता तो. त्याला देश दिसला
कठड्यावरून, नऊ तास, कधी दहा.
दोन्ही अंगांना ओलं रान,
काठाने रुळांवरून चालणारी इंजिनं, दोर धरून.
त्यांना तिथे खेचरं म्हणतात.
“ओढत नाहीत, नुसती सांभाळतात,
नवरीच्या बाजूने करवल्या चालतात तशी.”

समुद्रातून वर चढायचं, सव्वीस मीटर.
साठ हजार टन वर कसे चढतात
ते शर्वाणीला कळेना.
मग तो उठला, आम्हाला बांधावरून
मानशीपाशी घेऊन गेला.
भरती होती. दार मिटलेलं,
पाण्यानेच दाबून धरलेलं.

“हीच. फक्त तिथल्या दारात आपली इगर्ज मावेल.
आणि पंप नाही. मी पंपमन, मी मुद्दाम विचारलं.
वरचं पाणी खाली उतरतं, बोट वर जाते,
बस्स.”

एका बोटीमागे वीस कोटी लिटर गोडं पाणी
समुद्राला जातं, तिने शून्यं मोजून लिहिली.
त्याच तळ्यावर शहराचे नळ.
एका वर्षी तिथला पाऊस चुकला
तेव्हा बाहेर नांगर टाकून एकोणीस दिवस
बोटी उभ्या होत्या. पाण्यात, पाण्यासाठी.
“मेमध्ये आपल्या वाड्यावर टँकर येतो ना,
चारी बाजूंनी नदी असून,
तेव्हा मला ते एकोणीस दिवस आठवतात.”

सैन्य नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.
नाणी त्यांची, नोटा डॉलरच्या.
मोठा रस्ता एकच, उत्तरेकडून येतो
आणि याविसा नावाच्या गावात संपतो.
पुढे रान. खंड जोडलेला आहे असं नकाशा म्हणतो,
रस्ता म्हणत नाही.
(आमचाही रस्ता धक्क्यावर संपतो,
पण निदान फेरी असते.)
आणि प्रशांत महासागरातून सूर्य उगवतो तिथे,
हे मात्र मी खोटंच धरलं.
रात्री ॲटलास काढला.
खरंच, देशच वळलेला आहे,
झोपेत कूस बदलल्यासारखा.

“पण मग तुम्ही तिथे कधी राहिलात?” शर्वाणी.
तो मानशीच्या फळीवर नख घासत राहिला.
“चौदा वर्षं.
बोटीच्या पाठीवर पनामा लिहिलेलं होतं,
गंजलेलं, पांढऱ्या अक्षरांत.
मालक कुठला, कप्तान कुठला, आम्ही साष्टी-बारदेशचे,
पण डेकवर कायदा त्यांचा. माझ्या खलाशी वहीत त्यांचा शिक्का.
माझा मुलगा झाला तेव्हा मी पनामात होतो.
आई गेली तेव्हाही.
समुद्र कुठला होता ते विसरलो.”

तिने पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली.
“म्हणजे लोकसंख्येत तुम्हाला धरलंय का?”

बोस्त्यांव हसला नाही.
सुकती लागली होती. दार आतून करकरलं,
एक बोटभर फट पडली,
मग शेतांतलं गढूळ पाणी
वाट मिळाल्यासारखं नदीकडे सुटलं,
त्यात दोन काळुंद्रां, एक तुटकी चप्पल.
“वरची फळी अडकते हल्ली,” तो म्हणाला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
आणि चिखलात उतरून
तिला खांदा लावला.